चार भाषांचं एक गाव

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या जवळ कुपवाड आहे. आज तिथे मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड ही एकत्र महानगरपालिका झाल्यापासून कुपवाडला कोणी खेडं म्हणत नाही. १९६०च्या दशकात मात्र ते साधारण तीन हजार वस्तीचं गाव होतं. त्या गावाचं नाव आज जगभरच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येतं. दोन भाषांचा सहवास पिढ्यान्‌पिढ्या घडला तर त्यांचं व्याकरण किती जवळ येऊ शकतं, हा प्रश्न निघाला की विद्यार्थ्यांना कुपवाडचं उदाहरण देतात. सांगली जिल्ह्यातल्या किती शिक्षकांना याची कल्पना असेल, अशी शंका मला नेहमी येते.

जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा या एका गावात चार भाषा नांदत होत्या. जैन शेतकरी आणि लिंगायत घरी कन्नड बोलत. गावातली सगळ्यात जास्त जमीन जैनांकडे होती. त्यांच्या खालोखाल जमीन असलेले मुसलमान घरी उर्दू बोलत. दोरखंड वळणारी थोडी कुटुंबं तेलुगू बोलत. मराठी ही घरची भाषा होती ती मुख्यतः दलितांची आणि इतर भूमिहीन मजुरांची. राज्याची, कचेरीची आणि शाळेची भाषा मराठी, पण गावातले मोठे जमीनदार घरात ती बोलत नव्हते. या उलट्या मांडणीत पुढच्या बऱ्याच गोष्टींची किल्ली आहे.

शेतातून भाजीपाला कापून आणलेला माणूस काय म्हणेल? गंपर्झ आणि विल्सन यांनी हे एक वाक्य त्यांतल्या तीन भाषांत टिपून ठेवलं आहे. मराठी बोलणारा म्हणाला, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणाला, ‘पाला जरा काट के ले के आया.’ आणि कन्नड बोलणारा म्हणाला, ‘ताप्ला जरा खोडि तगोंडि बय्न.’ ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून पाहावीत. ‘कापून’मधल्या ‘ऊन’च्या खाली ‘के’ येतो आणि ‘के’च्या खाली कन्नडमधला ‘इ’. ‘घे’च्या खाली ‘ले’, त्याच्या खाली ‘तगोंड’. ‘जरा’ तर तिघांचाही एकच. ज्याला एका भाषेतलं वाक्य रचता येतं, त्याने फक्त शब्द बदलायचे. वाक्य मोडून नव्याने जुळवायची गरज नाही. मराठी आणि उर्दू एका कुळातल्या असल्यामुळे त्यांचं जुळणं एक वेळ समजू शकतं. कन्नड मात्र द्राविडी कुळातली. तीही त्याच साच्यात येऊन बसली आहे.

प्रमाण मराठी बोलणाऱ्याच्या कानाला खटकेल असं उदाहरण त्याहून बोलकं आहे. नदीला पूर आला की आपण ‘तिथं नदी आली’ म्हणतो. कुपवाडच्या मराठीत ‘तिथं नदी आलं’ असं नोंदलेलं आहे. ऐकणारा म्हणेल, याला लिंग कळत नाही. पण कन्नडमध्ये लिंगाचा हिशोब वेगळा असतो. बाप्या माणूस पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि उरलेलं सगळं नपुंसकलिंगी. नदी, भिंत, वाट, चूल या बायका नाहीत, म्हणून त्या ‘आलं’ आणि ‘पडलं’च्या गटात जातात. कुपवाडच्या मराठीने हा हिशोब उचलला. तिथल्या उर्दूतही ‘नदी आयी’च्या जागी ‘नदी आया’ झालं. खुद्द कन्नडही पूर्वीची राहिली नाही. ‘हे तुमचं घर आहे’ हे प्रमाण कन्नडमध्ये ‘इदु निम्म मने’ एवढ्यात भागतं, ‘आहे’ लागतच नाही. कुपवाडच्या कन्नडमध्ये शेवटी ‘आहे’सारखं क्रियापद येऊन बसलं, मराठीत आणि उर्दूत बसतं तसंच. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद प्रमाण उर्दूत नाही, पण कुपवाडच्या उर्दूत तो आला. एकूण हिशोबात सगळ्यात जास्त बदलली ती उर्दू.

इथवरचं काम भाषाशास्त्राचं. कोणता प्रत्यय कुठून आला आणि कोणती रचना कोणाची, हे भाषाशास्त्र नेमकं सांगतं. पुढचा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. व्याकरण इतकं एक झालं, तर शब्द वेगळे का राहिले? गंपर्झ यांच्या अंदाजाने कन्नड आणि मराठी या मुलखात सहाशेहून जास्त वर्षं शेजारी नांदत आहेत, आणि उर्दू तीन-चारशे वर्षं. एवढ्या काळात चार भाषांची मिळून एक भाषा व्हायला हवी होती. तसं झालं नाही.

उत्तर गावाच्या रचनेत सापडलं. दिवसभर शेतात, गुऱ्हाळावर, बाजारात, पंचायतीत सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध येई. गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला दोन किंवा अधिक भाषा बोलाव्या लागत, त्याही दिवसातून अनेकदा आलटून पालटून. इतक्या वेगाने एका भाषेतून दुसरीत जायचं तर वाक्याचा साचा एक असणं सोयीचं पडतं, आणि हळूहळू तो एक होतो. संध्याकाळी मात्र जो तो आपापल्या घरी जाई. रोटी आणि बेटी, दोन्ही जातीच्या आत. घराच्या आत कोणती भाषा बोलायची हा आपण कोण आहोत याचा प्रश्न होता. तिथे शब्द बदलणं म्हणजे जात बदलण्यासारखं. म्हणून शब्दांचे कोट शाबूत राहिले आणि व्याकरण त्या कोटांखालून सगळीकडे पसरलं.

मराठीचं स्थानही यातूनच उलगडतं. जैन जमीनदार आणि उर्दू बोलणारा शेतकरी समोरासमोर आले तर बोलायचं कोणत्या भाषेत? कन्नडमध्ये बोललं तर एकाचं घर वरचढ ठरतं, उर्दूत बोललं तर दुसऱ्याचं. मराठी या दोघांपैकी कोणाच्याही घरची नव्हती. ती ज्यांच्या घरची होती त्यांच्याकडे गावात सत्ता नव्हती, त्यामुळे ती बोलल्याने कोणाचा वरचष्मा होत नव्हता. गावातली मराठी चालली ती तिच्या मोठेपणामुळे नव्हे. ती बोलणारे गावात दुबळे होते, म्हणूनच ती सगळ्यांची होऊ शकली. हे वाक्य मराठी माणसाला पचायला जड आहे, पण मला ते या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

हे सगळं गंपर्झ यांना दिसलं, याचं कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. १९२२ साली जर्मनीत एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. नाझी राजवटीत देश सोडून ते अमेरिकेत पोहोचले. तिथे आधी रसायनशास्त्र शिकले आणि मग भाषेकडे वळले. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर १९५४ साली त्यांनी पीएच.डी. केली. त्यानंतर ते उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर गावी आले. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्या पथकात ते होते, त्यात समाजशास्त्राच्या अंगाने गाव पाहणारे अभ्यासकही होते. १९५८ साली त्यांनी खालापूरवर जो निबंध लिहिला त्याचा निष्कर्ष तेव्हाच्या समजाला धक्का देणारा होता. लोकांचा रोजचा संबंध जितका जास्त, तितक्या त्यांच्या बोली जवळ येतात, असं धरून चालायची पद्धत होती. खालापुरात दलित जातींचा वरच्या जातींशी कामाच्या निमित्ताने रोजचा संबंध होता, तरीही त्यांची बोली वेगळीच राहिली होती. फरक पडत होता तो मैत्रीने. मुलं कोणाबरोबर खेळतात, मोठी माणसं रिकाम्या वेळी कोणाच्या ओट्यावर बसतात, यावर बोली ठरत होती. हुकूम देणं आणि हुकूम ऐकणं एवढाच संबंध असेल तर तो कितीही रोजचा असो, त्यातून बोली जुळत नाही.

ओट्यावर कोण बसतं याची नोंद व्याकरणाच्या वहीत ठेवायला जागा नसते. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने जात पाहिली पाहिजे, जात पाहणाऱ्याने नातं पाहिलं पाहिजे, आणि नातं पाहणाऱ्याने शाळा पाहिली पाहिजे, हे आज विद्यापीठांच्या धोरणांत ‘बहुविद्याशाखीय संशोधन’ या जड नावाने लिहिलेलं असतं. पुण्यात ते फार आधी, कसलाही गाजावाजा न होता सुरू झालं होतं. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा भाषाशास्त्राचे सुमित्र कत्रे, पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया आणि समाजशास्त्राच्या इरावती कर्वे एका छताखाली आले.

इरावतीबाईंचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक १९५३ साली याच संस्थेने काढलं. त्यात त्यांनी नातेव्यवस्था भाषांच्या प्रदेशांवर मांडून पाहिली. उत्तरेत लग्न दूरच्या, अनोळखी कुळात करायचं. दक्षिणेत ते जवळच्या नात्यात करायचं. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला पट्टा. मराठी भाषा उत्तरेच्या कुळातली, पण मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची रीत इथल्या अनेक जातींत रुजलेली. अक्का, अण्णा, अप्पा ही नात्याची हाक कानडी मुलखाशी जोडणारी आहे, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ पुरतो. पण सून म्हणून भाची घरात येते त्या घरातली भाषा पुढच्या पिढीकडे कशी जाते, हे पाहायला इरावतीबाईंसारखी नजर लागते. संस्कृत ग्रंथ, मानवशास्त्रातली मोजमापं आणि खेड्यापाड्यांतली पायपीट ही तिन्ही कामं एकाच बाईने केली, याचा मराठी वाचकाला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटत नाही. आपण त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो.

कुपवाडचा निबंध आधी वाचला गेला तो कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर. १९६८ साली तिथे मोना इथल्या विद्यापीठात मिश्र भाषांवर परिषद भरली होती. वसाहतींच्या मळ्यांवर गुलामांच्या तोंडी घडलेल्या भाषा हा तिचा मुख्य विषय. परिषदेतले निबंध १९७१ साली डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आले. कुपवाडचा निबंध जेमतेम सतरा पानांचा आहे. त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमावरचा निबंध आहे. मराठी मुळातच अशा एखाद्या संकरातून घडली असेल का, असा प्रश्न त्यांनी त्यात विचारला. तो पटो न पटो, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद किंवा ‘येतो म्हणून सांगितलं’ यातलं ‘म्हणून’ यांकडे पाहिलं की द्राविडी शेजाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कुपवाडला जे साध्या डोळ्यांनी दिसलं, ते सगळ्या मराठीत कधीतरी संथपणे घडून गेलं असावं, असं मला वाटतं.

गंपर्झ आणि विल्सन यांच्यानंतर गावात काय झालं? ते पाहण्याआधी जरा मागे जावं लागेल. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. त्याआधी १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली होती, आणि भाषा हीच राज्याची सीमा ठरली होती. ज्या पट्ट्यात चार भाषा एका साच्यात वळत होत्या, त्या पट्ट्याच्या मधून रेघ गेली. अलीकडे मराठी शाळा, पलीकडे कन्नड शाळा. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा टिकल्या, पण सर्वसाधारणपणे शाळेत जाणं म्हणजे मराठीत जाणं झालं. बहुजनांच्या मुलांना शाळेत आणण्याचं सगळ्यात मोठं काम ज्यांनी केलं ते कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या जैन घरातले. त्यांच्या घराण्याचं मूळ दक्षिण कर्नाटकातल्या मूडबिद्रीचं. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली आणि तिने गावोगावच्या पोरांना मराठी शिक्षण दिलं. कन्नड मुळाच्या घरातून मराठी शाळांचं एवढं मोठं जाळं उभं राहावं, यात या पट्ट्याचा सारा इतिहास आला.

सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्याच सोनल कुलकर्णी-जोशी यांनी नव्याने गावात जाऊन या अभ्यासाची फेरतपासणी केली. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका भाषेचं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून बदलता येतं, हा जुना सिद्धान्त त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. मधल्या काळात शाळा, कारखाने आणि शहर गावात आले होते. गावातल्या भाषांचं एकमेकींशी असलेलं नातं पूर्वीसारखं राहिलेलं नव्हतं. मराठी आता जमीनदारांपैकी कोणाच्याच घरची नसलेली तटस्थ भाषा नव्हती. ती शिक्षणाची आणि नोकरीची भाषा झाली होती. अशी फेरतपासणी आपल्याकडे दुर्मीळ आहे. परदेशी अभ्यासक एकदा येऊन गेला की गाव पाठ्यपुस्तकात गोठतं आणि आपणही तेच चित्र शिकवत राहतो. पुण्याहून कोणीतरी उठून पुन्हा तिथे गेलं, याचं मोल मला फार वाटतं.

शाळेचं म्हणाल, तर ‘नदी आलं’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत काय होतं हे कोणीही सांगेल. लाल शाईची खूण होते. त्या खुणेवर माझा आक्षेप नाही, कारण परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत त्याला प्रमाण मराठी लागणार आहे आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. आक्षेप आहे तो खुणेबरोबर येणाऱ्या समजुतीवर, की या पोराला व्याकरण नाही. त्याच्याकडे नियम आहे. तो नेमका आहे आणि पिढ्यांच्या शेजारातून आलेला आहे. शिक्षकाला तो नियम ठाऊक असेल, तर मुलाला सांगता येतं की घरी तुझ्या नियमाने बोल आणि इथे या नियमाने लिही. ठाऊक नसेल तर ‘अशुद्ध’ एवढाच शब्द हाताशी राहतो.

बोलीतल्या नियमाची माहिती नसल्याने काय घडतं, हे गंपर्झ यांनी पुढे शाळेत आणि कामाच्या जागी दाखवलं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या खानावळीत भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत, अशी तक्रार होती. ताट वाढताना त्या फक्त एक शब्द बोलत, ‘ग्रेव्ही’. त्यांच्या जागी इंग्रज बाई असती तर तीही तोच शब्द बोलली असती, पण शेवटी स्वर चढवून, म्हणजे ‘वाढू का?’ असा. या बायकांचा स्वर खाली उतरत होता. आपल्याकडे तसं विचारणं साधं आणि सभ्य असतं. इंग्रज कानाला मात्र त्यात ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू येई. बायकांना वाटे, लोक आपल्या वर्णामुळे आपल्याशी वाकडं वागतात. ध्वनिमुद्रण सगळ्यांनी बसून ऐकलं तेव्हा दोन्ही बाजूंना उलगडा झाला. या कामावर आधारलेला ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम बीबीसीने १९७९ साली दाखवला.

अमेरिकेतल्या एका वर्गातलं त्यांचं उदाहरण शिक्षकाने आवर्जून वाचावं असं आहे. वाचायला सांगितल्यावर एक कृष्णवर्णीय मुलगा म्हणाला, मला वाचायचं नाही. बाई चिडल्या आणि त्याला बसवून टाकलं. गंपर्झ यांनी त्याच्या बोलण्याची लकब वेगवेगळ्या लोकांना ऐकवली. गोऱ्या श्रोत्यांना त्यात नकार ऐकू आला. कृष्णवर्णीय श्रोते म्हणाले, तो आग्रहाची वाट पाहतो आहे, जरा म्हणा म्हणजे वाचेल. पंगतीत पहिल्या ‘नको’ला वाढप्याने पुढे जायचं नसतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. वर्गातल्या त्या बाईंना ते शिकवलेलं नव्हतं.

कुपवाडच्या मूळ अभ्यासातली एक मोठी पोकळी इथे सांगायलाच हवी. दोन-तीन भाषा बोलणारे गावकरी म्हणून त्यात जे येतात ते पुरुष. बायकांच्या बोलण्याबद्दल त्यात फारसं काही नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या जैन आणि लिंगायत घरांच्या सोयरिकी राज्याची सीमा ओलांडून होतात. बेळगाव जिल्ह्यातून आलेली सून सासरच्या कन्नडमध्ये पहिल्या वर्षी काय ऐकते? मराठी शाळेतून आलेल्या मुलाशी ती कोणत्या भाषेत बोलते, आणि त्याचा अभ्यास घेताना भाषा बदलते का? दोरखंड वळणाऱ्या तेलुगू घरांबद्दलही असेच प्रश्न आहेत. काथ्या आणि अंबाडीच्या दोरांची जागा नायलॉनने घेतल्यावर ज्या घराचा धंदा बसतो, त्या घराची भाषा किती काळ टिकते? धंदा गेल्यावर घरची पोरं कुठे कामाला लागली, सून कोणत्या गावाहून आली, नातवंडं कोणत्या शाळेत घातली हे कळल्याशिवाय तेलुगूचं काय झालं हे सांगता येणार नाही. त्या अंगणात वही घेऊन बसणाऱ्याला तेलुगू यावी लागेल, घरातल्या बायकांनी त्याला आत बोलवावं लागेल, आणि दोर कसा वळतात हेही समजून घ्यावं लागेल.